शाबूत प्रत

सकाळी भरतेश मगदुमांच्या हातून कप निसटला, चहा सदऱ्यावर सांडला आणि ते म्हणाले, "अरेच्चा."

त्रिशलाबाई ओट्यापाशी भाकरी थापत होत्या. काही पडल्याचा आवाज त्या घराला नवा होता, कारण गेल्या दहा-अकरा वर्षांत या माणसाच्या हातून साधा चमचाही पडला नव्हता. पण त्यांचं लक्ष कपाकडे गेलंच नाही. 'अरेच्चा' त्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं, जोडाक्षरासकट. कुणी पाहुणा आत आला की काय असं वाटून त्यांनी मागं वळून पाहिलं. टेबलापाशी भरतेश एकटेच होते. त्यांचा उजवा हात उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारखा थडथडत होता.

"तुम्ही बोललात?"

"मीच बोललो," भरतेश म्हणाले, आणि स्वतःचा आवाज ऐकून चोरी पकडली गेल्यासारखे गप्प झाले.

तव्यावरची भाकरी करपली. ती दोघांनी तशीच खाल्ली.

भरतेश कवळ्या बनवत. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही आणि दातांच्या डॉक्टरांनाही नाही. बोळक्या तोंडांचे ठसे त्यांच्या कामाच्या खोलीत येत आणि मेणात एकेक दात लावून ते कवळी उभी करत. पुढे कवळ्या यंत्रातून छापून निघायला लागल्या. तरी ज्यांचे जबडे झिजून पाटासारखे सपाट झाले होते, ज्यांच्या तोंडात छापील कवळी बोलता बोलता घसरायची, ती म्हातारी माणसं भरतेशकडेच येत. काम सगळं बोटांचं. मेणावर सुरी फिरवताना बोट केसभर हललं तरी दात वाकडा बसतो, आणि माणूस उरलेला जन्म गालाची आतली बाजू चावत राहतो. अशा माणसाला चाळिशी उलटल्यावर कंपाचा आजार जडला.

त्यावर इलाज निघाला होता. मेंदूत खोलवर केसासारखी तार सोडायची, हासळीच्या हाडाखाली काड्यापेटीएवढी पेटी बसवायची आणि पेटीतून विजेचे बारीक ठोके देत राहायचे. मेंदूतल्या काही पेशी एकाच लयीत घुमायला लागतात म्हणून हात कापतो. ठोके ती लय मोडतात. पण मेंदूत हाताचं रान आणि जिभेचं रान शेजारी-शेजारी. एकाला पाणी पाजताना बांध फुटून दुसऱ्याच्या वाफ्यात शिरावं तसं होतं. ठोके जोरात दिले की हात स्थिर आणि जीभ जड, हळू दिले की जीभ मोकळी आणि हात कापरा. काहींना मधली वाट सापडते. भरतेशना सापडली नाही. डॉक्टरांनी बरेच महिने घालवून दोन सेटिंग जुळवली, मग एका दिवसात दोन्ही लावून दाखवली, सकाळी जिभेचं, दुपारी हाताचं, आणि यातलं कोणतं ठेवू म्हणून विचारलं. भरतेशनी समोरचा काठोकाठ भरलेला पेला उचलला, थेंबही न सांडता पाणी प्यायले आणि पेला खाली ठेवला. तेच उत्तर.

तेव्हापासून त्यांचं बोलणं तोंडात आंबील धरून बोलल्यासारखं झालं. एका लग्नात कुणीतरी मागच्या रांगेत पुटपुटलं की मगदूमसुद्धा घ्यायला लागला वाटतं. जन्मात कधी दारूचा थेंब न घेतलेल्या माणसाच्या ते जिव्हारी लागलं. ते कमी बोलू लागले, मग बोलेनासेच झाले, आणि त्यांच्या वाटचं बोलणं त्रिशलाबाईंकडे आलं. गिऱ्हाइकांशी, बँकेत, देवळात, सोयऱ्याधायऱ्यांत. "यांचं म्हणणं असं की" अशीच त्यांच्या वाक्याची सुरुवात होऊन बसली. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली की त्या बाईला स्वतःच्याच आवाजाचा कंटाळा आलेला असे. दोन माणसांचं बोलणं एका तोंडानं बोलणं हे दोन घरचं पाणी भरण्यासारखं आहे. कुणी करायला सांगत नाही आणि कुणी थांबवतही नाही.

गंमत म्हणजे त्या पेटीतला थोडा भाग त्यांच्याच हातचा होता. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत 'स्थैर्य' नावाच्या कारखान्यात या पेट्या बनत, आणि त्रिशलाबाई तिथं प्रोग्रॅम लिहीत. पेटीत मायक्रोकंट्रोलर असतो, म्हणजे नखाएवढा संगणक. ठोके किती जोरात आणि किती वेळा द्यायचे ते त्याच्या स्मृतीत आकड्यांत लिहून ठेवलेलं असतं. लिहिलेलं म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेली वीज. भरलेला कप्पा एक खूण, रिकामा कप्पा दुसरी. वर्षानुवर्षं कोंडलेली वीज कधीकधी झिरपून जाते, एका खुणेची दुसरी होते, आणि माणसाच्या मेंदूत भलताच ठोका पडू शकतो.

तो पडू नये म्हणून ताळा घ्यायचा. शाळेत गुणाकार बरोबर आला का ते बघायला नऊचा ताळा घेत, त्याच जातीचा, फक्त बराच कडक. सगळं सेटिंग म्हणजे एक लांबलचक संख्या समजायची, तिला एका ठरलेल्या संख्येनं भागायचं आणि उरलेली बाकी शेजारी लिहून ठेवायची. रोज पहाटे पेटी तोच भागाकार पुन्हा करते. बाकी तीच आली तर स्मृती शाबूत. वेगळी आली तर तिच्यावर विश्वास न ठेवता जोडप्रत मागवायची. जोडप्रत म्हणजे त्याच सेटिंगची नक्कल, घरातल्या जवळच्या माणसाच्या मनगटावर एका कड्यात ठेवलेली. तिलाही तिचा ताळा असतो. कारखान्यातले इक्बाल मुजावर त्या कड्याला दुसरं मंगळसूत्र म्हणत.

पुढे कारखाना बंद पडला. पेट्या लोकांच्या छातीत तशाच राहिल्या. मग आमच्याकडे काही अडलं की माणसं जे करतात ते रुग्णांनी केलं, सहकारी संस्था काढली. एका मंगल कार्यालयाच्या मागच्या हॉलमध्ये, पंगतीच्या पातेल्यांच्या आडोशाला, आठवड्यातून एकदा मुजावर आणि त्रिशलाबाई पेट्या तपासत बसत. जोडीदाराला बरोबर आणावे, अशी दारावर पाटी होती. भांडून वेगळी राहणारी जोडपीसुद्धा त्या दिवशी एका बाकावर येऊन बसत, मध्ये पिशवी ठेवून.

कप पडला त्या दुपारी मगदूम नवरा-बायको त्याच बाकावर बसले. मुजावरांनी भरतेशच्या छातीवर रीडर टेकवला, मग त्रिशलाबाईंच्या कड्यावर, आणि रीडरच्या पडद्यावरचे आकडे दोनदा वाचले.

पेटीचा ताळा चुकला होता. त्याचं मुजावरांना नवल नव्हतं, पेटी म्हातारी झाली होती. ताळा चुकल्यावर स्मृतीतलं बिघडलेलं पान बाजूला ठेवून पेटीनं पहाटे कड्यातली प्रत घेतली होती, तेही रीतसर. कड्याचा ताळा पक्का होता. फक्त कड्यातलं सेटिंग हाताचं नव्हतं, जिभेचं होतं.

"वहिनी, स्मृती सडली तर ताळा चुकतो," मुजावर हळू आवाजात म्हणाले. "सडून दुसरं चांगलं सेटिंग तयार झालं आणि वर त्याची बाकीही बरोबर आली, असं होत नाही. हे कुणीतरी लिहिलेलं आहे."

एवढं बोलून ते वायरी गुंडाळायला लागले, आणि वातावरण हलकं करायला म्हणाले की मी नव्हतो बरं का.

पुढचं त्यांनी नीट समजावून सांगितलं. जुन्या पेटीच्या स्मृतीत लिहिण्याजोगं एकच कोरं पान उरलं होतं. त्यावर जे लिहायचं ते शेवटचं. आज हात, उद्या जीभ असं आलटून-पालटून करता येत नाही, मेंदू ते सोसत नाही, झटके येतात. नवी पेटी बसवायची तर भूल द्यावी लागेल, आणि भरतेशच्या हृदयाकडे बघून भूल द्यायला डॉक्टर तयार नव्हते. तेव्हा दोघांनी मिळून काय ते ठरवावं. पण हाताचं सेटिंग हवं असेल तर ते आहे कुठं? ज्या डॉक्टरांनी महिनोन्महिने खपून ते बारीक जुळवलं होतं ते वारले होते. कारखान्याचे संगणक भंगारात गेले होते. ते होतं फक्त पेटीतल्या त्या बिघडलेल्या पानावर. बिघाड काढता येतोय का ते तुम्हीच बघा, असं म्हणून मुजावरांनी त्या पानाची नक्कल त्रिशलाबाईंना दिली.

घरात शिरल्यावर चपला काढता काढता भरतेश म्हणाले, "तूच केलंस ना हे?"

"मी कशाला करू?"

"मुक्या नवऱ्याचा कंटाळा आला असेल."

त्रिशलाबाईंनी पिशवी खाली ठेवली. इतक्या वर्षांनी या माणसाचं पहिलं लांब वाक्य कानावर पडावं आणि ते हे असावं. "आणि तुम्ही नाही कशावरून? मी आंघोळीला जाते तेव्हा कडं कोनाड्यात असतं. रीडर घरातच आहे. मी कसं लिहिते ते शेजारी बसून बघत आलाय की."

"मी माझेच हात तोडून घेईन?"

मग आवाज चढत गेले. शेजारच्या चौगुले काकूंनी खिडकी लावून घेतली आणि थोड्या वेळानं परत उघडली. कुणी कुणासाठी काय सोसलं याची उजळणी झाली. आणि मग भरतेशनी ते काढलं, जे त्रिशलाबाईंना वाटत होतं की घरात कुणाच्या मनातही नाही.

"एवढं तुला माझ्या मनातलं कळत होतं, तर चंदनाला नाही का म्हणालीस?"

चंदना त्यांची मुलगी. बेळगावात एका मोठ्या लॅबमध्ये कवळ्या छापण्याच्या यंत्रावर काम करी. पाच-सहा वर्षांपूर्वी ती मुद्दाम आली होती, इथंच कामाच्या खोलीत स्टुलावर बसली होती आणि म्हणाली होती, अण्णा, यंत्राचं पुरे झालं, मला तुमचं हातकाम शिकायचंय, येऊ का? त्यावर त्रिशलाबाई म्हणाल्या होत्या, यांचं म्हणणं असं की हा धंदा आता आटत चाललाय, तू लागलेली नोकरी सोडू नकोस. चंदनानं वडिलांकडे पाहिलं. वडील मेणाची सुरी पुसत होते. ती संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. त्यानंतर तिचे फोन येत, पण सणावाराचे, आणि आईलाच.

"मी हो म्हणणार होतो," भरतेश म्हणाले. "शब्द जुळवत होतो. मला वेळ लागायचा. तेवढ्यात तू बोलून मोकळी झालीस."

"मग नंतर सांगायचं."

"कुणाच्या तोंडानं?"

त्रिशलाबाईंना राग आला असता तर बरं झालं असतं. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच वाटलं होतं की यांचं म्हणणं तेच असणार. इतकी वर्षं त्या ज्या ठामपणानं 'यांचं म्हणणं' सांगत आल्या, त्यातलं यांचं किती आणि आपलं किती, हे निवडून बघायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. आणि आता निवडायला बसावं एवढं अंगात त्राणही नव्हतं. त्या आत जाऊन भाजी निवडत बसल्या.

पुढच्या दोन दुपारी त्यांनी जुन्या संगणकावर काढल्या. डोळे लवकर थकत. आपण स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम वाचताना त्यांना दुसऱ्याच कुणा हुशार, घाईखोर बाईचं लिखाण वाचल्यासारखं वाटत होतं.

कड्यातल्या प्रतीच्या टोकाला तारीख होती. ती ताळ्यात धरलेली नव्हती आणि आजवर कुणी पाहिलीही नव्हती. त्रिशलाबाईंनी ती पाहिली आणि खुर्चीत मागं टेकल्या. तारीख होती दोन्ही सेटिंग लावून पाहिली त्या दिवसाची, वेळ सकाळची. म्हणजे कुणी काही लिहिलंच नव्हतं. सकाळी जिभेचं सेटिंग पेटीत आणि कोऱ्या कड्यात दोन्हीकडे गेलं होतं. दुपारी पेटीत हाताचं गेलं आणि कड्यात सकाळचंच राहिलं.

का राहिलं तेही समोरच होतं. प्रत शाबूत असेल तर तिच्यावर आपोआप पुन्हा लिहू नये, हा नियम त्यांनीच घातला होता. दरवेळी लिहिण्यानं स्मृती झिजते, तेव्हा चांगल्या प्रतीला उगाच हात का लावा? सेटिंग बदललं की दवाखान्यातल्या तंत्रज्ञानं कड्यात ते हातानं भरायचं, असं ठरलं होतं. बाकीच्या रुग्णांचं त्यानं भरलं. मगदूमबाई कारखान्यातल्याच, त्या घरी भरतील, असं त्याला वाटलं. त्यानं भरलं असेल, असं बाईंना वाटलं. मग दरवर्षी तपासणीत पेटीवर हिरवा दिवा लागला, कड्यावर हिरवा दिवा लागला, आणि दोन्ही एकमेकांसमोर धरून बघावीत असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ताळा एवढंच सांगतो की लिहिलं होतं तसंच ते राहिलंय. ते आजही खरं आहे का, हे त्याला कुणी विचारलेलं नसतं.

इतकी वर्षं त्या बाई आपला बोलणारा नवरा मनगटावर घेऊन हिंडत होत्या.

त्यांनी भरतेशना सांगितलं तेव्हा ते आधी हसले. स्वच्छ, मोठ्यानं. मग हसू ओसरलं आणि दोघंही जरा खजील होऊन इकडेतिकडे बघू लागले. खरं सांगायचं तर त्रिशलाबाईंना थोडं वाईटच वाटलं. भांडताना मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना वाटलं होतं की आपल्याशी बोलण्यासाठी या माणसानं हात गमावायची तयारी केली. भरतेशच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांच्याही मनात असलंच काहीतरी होतं. आणि निघालं काय, तर नुसता हलगर्जीपणा.

दुसरं काम त्यामानानं सोपं निघालं. बिघडलेल्या पानावर एकाच कप्प्यातली वीज झिरपली असेल तर तो कप्पा शोधता येतो. एकेक खूण उलटी करायची आणि दर वेळी ताळा घ्यायचा. माणसाला जन्म पुरणार नाही, यंत्राला पापणी लवायच्या आत जमतं. एकाच जागी बाकी जुळली. हाताचं सेटिंग जसंच्या तसं समोर आलं.

त्रिशलाबाईंनी ते साठवलं आणि संगणकाचं झाकण लावलं. संध्याकाळी मुजावरांचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "अजून बघतेय." खोटं बोलणं त्यांना जड गेलं नाही, आणि ते जड गेलं नाही याचंच थोडं भय वाटलं.

मग भरतेश बोलत राहिले. आमटीत मीठ नेहमीच जास्त पडतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. पेपर मोठ्यानं वाचला. बाजारात जाऊन द्राक्षांचा भाव स्वतः केला आणि फसून आले. देवळात भेटलेल्या माणसांना थांबवून, ज्याची त्याची विचारपूस करून, दोन तासांनी घरी आले. बोलून बोलून त्यांचा घसा बसला. ऐकून ऐकून त्रिशलाबाईंचं डोकं दुखायला लागलं, आणि तरीही ते आतल्या खोलीत गेले की त्या कामाचं निमित्त काढून दाराशी रेंगाळत. बँकेतून फोन आला तर त्या न बोलता तो नवऱ्याच्या हातात देत आणि खुर्चीत पाय पसरून बसत. कित्येक वर्षांत एवढी विश्रांती त्यांना मिळाली नव्हती.

एका सकाळी भरतेशनी चंदनाला फोन लावला. फोन धरवत नव्हता म्हणून टेबलावर ठेवून ते वर वाकले होते. पलीकडून चंदनानं विचारलं, कोण बोलतंय? भरतेश म्हणाले, अण्णा. पलीकडे इतका वेळ काहीच आवाज आला नाही की त्यांनी पुन्हा सांगितलं. त्रिशलाबाई उठून अंगणात गेल्या. तिथं त्यांची गरज नव्हती. परत आल्या तेव्हा भरतेश डोळे पुसत होते आणि रविवारी चंदना चार दिवसांची रजा काढून येणार होती.

कामाच्या खोलीतलं मात्र काही धड होत नव्हतं. आरगच्या कोष्टी आजींची कवळी अर्धी झाली होती, वरचे दात बसले होते, खालचे व्हायचे होते. आजी पदर तोंडाला लावून समोर बसल्या. भरतेशनी सुरी तापवली, मेणाला लावली, आणि दात आडवा झाला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं तर दोन्ही हात कापू लागले. मग त्यांनी आजींना आपली अडचण समजावून सांगितली. आजींनी बोळक्या तोंडानं बरंच काही उत्तर दिलं, ते कुणालाच कळलं नाही. त्या गेल्यावर भरतेश खोलीतच बसून राहिले. मेण थंड होऊन पांढरं पडलं.

त्या संध्याकाळी ऊन असतानाच जेवायला बसले. भरतेशचा घास तोंडापर्यंत पोचेतो निम्मा सांडत होता. त्रिशलाबाई बघून न बघितल्यासारखं करत होत्या.

"चंदनाला मी काय शिकवू?" भरतेश म्हणाले. "तोंडानं सांगून मेणात दात बसत नाही. तिनं माझं बोट बघायला पाहिजे."

त्रिशलाबाईंनी त्यांच्या पानात भात वाढला.

"ते जुनं सेटिंग निघतंय का बघ. नसेल निघत तर तसं सांग, म्हणजे मी तिला येऊ नको म्हणून कळवतो."

नाही निघत, एवढे दोनच शब्द. मुजावरांनी विश्वास ठेवला असता, भरतेशनी ठेवला असता, डोळ्यांत पाणी आणून का होईना बोलत राहिले असते, आणि त्रिशलाबाईंना या घरात पुन्हा कधी दोघांचं बोलावं लागलं नसतं. त्यांनी वाटी खाली ठेवली. आपण आजवर जसं यांच्या वतीनं ठरवत आलो तसंच हेही होईल, फक्त यावेळी जाणूनबुजून, हे त्यांना कळत होतं. कळूनही त्यांना थोडा वेळ लागला.

"निघालंय," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"झाले तीन-चार दिवस."

भरतेशनी हातातला घास पानात ठेवला. "बोलली नाहीस."

"नाही बोलले. मला तुमचं बोलणं हवं होतं."

बाहेर चौगुले काकू कुणाला तरी हाका मारत होत्या. भरतेशनी पानातली शितं एकेक करून गोळा केली, कापऱ्या बोटांनी, त्यात बराच वेळ गेला.

"मलाही हवं होतं," ते म्हणाले. "पण अडलेलं होतं ते सांगून झालं. बाकीचं सांगेन हळूहळू. फक्त मी बोलायला लागलो की तू थांबायचं. कितीही वेळ लागला, कुणीही समोर असलं, तरी थांबायचं. जमेल?"

त्रिशलाबाई म्हणाल्या की जमेल असं सांगवत नाही, पण बघते.

आठवड्याच्या तपासणीच्या दिवशी हॉलमध्ये लग्नाची भांडी घासली जात होती, त्या खणखणाटात काम झालं. संस्थेच्या नियमानं रुग्णानं आणि जोडीदारानं दोघांनी बटण दाबायचं असतं. कोणतं सेटिंग, असं मुजावरांनी रीतसर विचारलं आणि भरतेशनी रीतसर सांगितलं. बटण दाबण्याआधी मुजावर उगाचच जरा थांबले. आता हे दादा काहीतरी बोलतील, असं त्यांना वाटलं असावं.

"मुजावर," भरतेश म्हणाले, "तुझी ही खुर्ची डुगडुगते. कुणीतरी पडेल एखाद दिवशी."

मग दोघांनी बटण दाबलं. भरतेशचा हात मांडीवर हळूहळू निवत गेला, भोवरा फिरायचा थांबतो तसा. त्रिशलाबाईंनी कडं काढलं आणि त्यातही स्वतःच्या हातानं तेच सेटिंग भरलं. दोन्ही तारखा शेजारी-शेजारी धरून पाहिल्या. ताळा पाहिला. कडं परत घालताना त्यांचं बोट कडीत अडकलं, ते मुजावरांनी सोडवून दिलं. मग त्या मुजावरांना म्हणाल्या की आता बाकीच्या सगळ्यांची कडी तारखेसकट तपासायला हवीत, माझ्या नियमानं आणखी कुणाकुणाच्या हातात काय शिळं बसलंय कुणास ठाऊक. मुजावरांनी सुस्कारा सोडला आणि बाकावरच्या पुढच्या जोडप्याला बोलावलं.

रविवारी चंदना आली. वडिलांना मिठी मारली, मग त्यांचे अडखळणारे ओठ बघून काय ते समजली आणि काही विचारलं नाही. दुपारी ती कामाच्या खोलीत त्यांच्या शेजारी बसली. कोष्टी आजींचे खालचे दात एकेक करून मेणात उभे राहत होते, आणि ती श्वास रोखून बोटाकडे बघत होती. त्रिशलाबाई दाराशी तांदूळ निवडत होत्या. चार-पाच दात झाल्यावर चंदना म्हणाली की चार दिवसांत हे यायचं नाही. मग थोडं थांबून, सुरीकडे बघत तिनं विचारलं, "अण्णा, मी तिकडची नोकरी सोडली तर? कायमची आले तर चालेल?"

भरतेशनी सुरी खाली ठेवली. ओठ हलले. घशातून एक ओला, गुंतलेला आवाज निघाला, थांबला, परत निघाला. त्यांनी रुमालानं तोंड टिपलं आणि पुन्हा सुरुवात केली.

चंदनानं सवयीनं आईकडे पाहिलं.

त्रिशलाबाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. चांगलं उत्तर होतं, यावेळचं तर हो असंच होतं, आणि यांचंही तेच असणार याची त्यांना जवळजवळ खात्री होती. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि ताटातला एक खडा उचलला. भरतेश बोलतच होते. एका शब्दापाशी अडले, मागे आले, तोच शब्द पुन्हा काढला. त्यातला अर्धा त्रिशलाबाईंना लागला, अर्धा लागला नाही. फार वेळ गेला.

"आई, काय म्हणाले?"

"मला नीट कळलं नाही," त्रिशलाबाई म्हणाल्या. "त्यांनाच पुन्हा विचार."

चंदनानं स्टूल पुढं ओढलं आणि पुन्हा विचारलं.